बिजली नुसती उभी आहे

३ नोव्हेंबर

ठरलं! कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फिल्म — आमची म्हैस. संध्याकाळी गोठ्यात उभी असलेली बिजली. एकच शॉट. कट नाही, संगीत नाही, संवाद नाही. अकरा मिनिटं! देशमाने सरांना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "कर." सर एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

घरी सांगितलं. आबांनी विचारलं, "आणि म्हस करती काय त्यात?"

काही नाही. उभी असते.

"मग फोटूच काढ की!"

४ नोव्हेंबर

आज कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये कुठल्याशा बर्फाळ देशातला पिक्चर. पावणेतीन तास. एक म्हातारा होडी दुरुस्त करत असतो. होडी काही पाण्यात जात नाही. शेवटी तो एकदाच खोकतो — आणि मी ढसाढसा रडले! मागच्या रांगेत श्रीशैल घोरत होता. माझा कॅमेरामन आहे हा! "डोळं झाकून साऊंड ऐकत हुतो," म्हणे. निपाणीकडचा पोरगा. थापासुद्धा देवळात बसल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं मारतो.

आबांनी माझी एकही फिल्म पूर्ण बघितलेली नाही. पहिल्या वर्षीची ठिबकणाऱ्या नळाची. मध्येच उठून गेले. मोरीतला नळ घट्ट पिळून आले आणि परत बसलेच नाहीत. दुसऱ्या वर्षीची बसस्टॉपची. "बस आली की हाक मार," म्हणून बाहेर जाऊन बसले. बस येतच नाही त्यात!

म्हणून यंदा बिजली. तिचं दूध कधीच आटलं, पण आबांचा तिच्यावर पोटच्या सम्राटदादापेक्षा जास्त जीव आहे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं सगळे म्हशी सजवून मोटरसायकलच्या मागं पळवतात. त्यात बिजली म्हणजे आमच्या घराची अब्रू. दादाच्या बुलेटचा आवाज आला की या वयातही तरण्या म्हशींना मागं टाकते. मार्क पडायचे ते पडोत. आबांनी शेवटपर्यंत बसावं. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर "मला काही फरक पडत नाही" असं म्हणता येणार नाही.

८ नोव्हेंबर

शूटिंगचा दिवस. सत्यानाश!

मी आणि श्रीशैल कॅमेरा घेऊन गोठ्यात शिरलो. बिजलीच्या शिंगांना लालभडक रंग. वर मोरपिसं. गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. आणि अंगावरचे केस भादरून हाताएवढी अक्षरं, माझ्या नावानं — क्रांती प्रॉडक्शन! खाली कॅमेऱ्याचं चित्र. ते टपालपेटीसारखं दिसत होतं, तो भाग वेगळा.

आई आरती घेऊन उभी. दादा आणि आबा लग्नघरातल्यासारखे हसत.

मी म्हटलं, आबा, मला साधी म्हैस पाहिजे होती. रोजची!

"रोजची कशाला दावायची लोकास्नी? म्हंतील, ह्यांच्या घरात म्हशीला कोण इच्यारत न्हाय."

मी ओरडले. वास्तववाद, अवकाश, काळ — असलं कायकाय बोलले. श्रीशैलनं तेवढ्यात आरतीच्या ताटातले पेढे संपवले. आबा बिजलीच्या गळ्यातली माळ सरळ करत राहिले. सकाळपासून बसून ती अक्षरं त्यांनीच काढली होती, असं आईनं नंतर सांगितलं. फार वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर

म्हशीचे केस किती दिवसांत वाढतात? गुगललाही माहीत नाही.

१० नोव्हेंबर

आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "दुसऱ्या अंगानं काढलास तर न्हाय का चालायचं?"

नाव एकाच बाजूला आहे! दोन दिवस मी कपाळ बडवत होते. संध्याकाळी बघितलं, तर आबा डिझेलचा बोळा घेऊन बिजलीची शिंगं पुसत बसलेले. मी जवळ गेले. "रंग निगतुया," एवढंच म्हणाले.

१५ नोव्हेंबर

उजेड असा की बस! मऊ, तिरपा. बिजली एखाद्या तपस्विनीसारखी उभी. कॅमेरा सुरू. पाच मिनिटं — सहा — आठ! श्रीशैलसुद्धा जागा.

नवव्या मिनिटाला बोळात दादाची बुलेट आली. बिजलीनं कान टवकारले आणि निघाली! आधी दावं तुटलं, मग ट्रायपॉड गेला, मग श्रीशैल. मी कॅमेरा पोटाशी धरला म्हणून वाचला. बाहेर बिजली दादाच्या मागं. दादानं घाबरून गाडी पळवली. आता तो जेवढी पळवणार, तेवढी ती खूश होऊन पळणार! आबा मागून बोंबलतायत, "गाडी बंद कर, बेण्या!" दादाला आवाजात ऐकू येतंय कुठं? दुकानदार बाहेर येऊन शिट्ट्या मारायला लागले. कोण एक जण ओरडला, "ओ पावणं, पाडवा कवाच झाला की!"

दादा हायवेच्या पुलाखाली थांबला. बिजली त्याच्या शेजारी उभी राहिली आणि रवंथ करायला लागली.

श्रीशैलच्या गुडघ्याला चार टाके.

१७ नोव्हेंबर

कुणीतरी त्या पळापळीची रील टाकली. आमच्या सगळ्या उचगावानं बघितली. आबा सकाळपासून तीच लावून बसलेत. पाहुण्यांना फोन करकरून सांगतायत. "ह्येला म्हंत्यात पिक्चर!" — हे मला ऐकू जाईल असं.

ती रील शेवटपर्यंत बघतात. पुन्हा लावतात. पुन्हा शेवटपर्यंत. जळतंय माझं! रीलवर जळतेय मी.

२१ नोव्हेंबर

मिळाला शॉट!! दादानं बुलेट चौकातूनच ढकलत आणली, घाम गाळत, शिव्या देत. आबा कॅमेऱ्यामागं उभे राहिले म्हणून बिजली जागची हलली नाही. अकरा मिनिटं. ती श्वास घेते. शेपूट हलवते. एकदा मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडं बघते — म्हणजे आबांकडं.

२९ नोव्हेंबर

सरांनी भरभरून मार्क दिले. "काळ दिसतो," म्हणाले.

रात्री घरच्या टीव्हीवर लावली. आई, दादा, श्रीशैल लंगडत आलेला. आबा पहिल्या रांगेत, म्हणजे सोफ्यावर. धुतलेला सदरा घालून! मी पिक्चर बघितलाच नाही, आबांकडंच बघत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. बसलेत! तिसऱ्या मिनिटाला गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"खरी गोठ्यात हाय की. तिकडंच बघतो. पाणीबी दावायचं ऱ्हायलंय."

गेले. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. नंतर मोरीत जाऊन रडले. नळ मात्र अजून घट्ट आहे.

६ डिसेंबर

बिजली वैरणीला तोंड लावत नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. वय झालंय, म्हणाले. आबांनी जेवणाचं ताट गोठ्यातच मागवलं.

७ डिसेंबर

तशीच आहे. दादा बुलेट घरी आणत नाही.

१० डिसेंबर

बिजली परवा गेली.

आज आबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "ते पिक्चर लाव," म्हणाले. मी मोबाईलवर रील काढायला लागले. "पळतीया ती नगं. उभी हाय ती लाव."

लावली. आबा खाली मांडी घालून बसले. मला बघवेना, मीच उठून बाहेर आले. ते अजून आत बसलेत.