एलिओची आजारी बायको

मोंतेसेल्वा, इटली,
१४ मार्च २०११

प्रिय लोरेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी मागची दोन्ही पत्रं पोचली. मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडली आहेस, तेही कळलं. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्ये बोलायची सोय नाही, म्हणून पत्र.

इथे अजून गारठा आहे. आमचा इटालियनचा वर्ग जुन्या मठात भरतो, खालच्या बसथांब्यापासून एकशे बारा पायऱ्या. स्वीडनचा एक निवृत्त पोस्टमन सोडला तर बाकी सगळे माझ्या नातवंडांच्या वयाचे. आमच्या शिक्षिका मिरेल्लाबाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बेरिल, तुमचे उच्चार भयंकर आहेत. पण तुम्ही अडलात तरी थांबत नाही." एकाहत्तराव्या वर्षी एवढं कौतुक मला पुरतं.

तू विचारतेस, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता इटालियन शिकून काय करणार? अगं, ते असताना कुणी शिकवलं असतं तर आता कशाला आले असते? चव्वेचाळीस वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात तुम्ही बापलेक इटालियनमध्ये हसत होतात. "काय झालं?" म्हटलं की तुझे बाबा म्हणायचे, "काही नाही गं, द्राक्षांचं चाललंय." द्राक्षांत एवढं हसण्यासारखं काय असतं, ते मला बघायचं होतं.

आता बघितलं.

आल्यापासून तुझ्या बाबांच्या या गावातली माणसं माझ्याशी विचित्रच वागत होती. खाटकाची बायको काउंटर सोडून बाहेर यायची आणि माझं कोपर धरायची. कॉफीच्या दुकानात म्हातारे पत्ते टाकून खुर्ची द्यायचे. मला वाटलं, विधवेला मान देतात. ओर्सोलावन्सं मात्र पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, पायांकडे बघत होत्या.

"जिने चढून आलीस?"

"हो."

"स्वतः?"

मला तेवढेच शब्द समजत होते. मी मोठ्या अभिमानाने पुन्हा "हो" म्हटलं.

जानेवारीत मिरेल्लाबाई म्हणाल्या, पुस्तकातले धडे पुरे, आता आपल्या जिव्हाळ्याचं काही वाचायला आणा. मी वन्संची पत्रं घेऊन गेले. तुझ्या बाबांच्या कपाटात सापडलेली, मिल्ड्युराहून, थेट ऑस्ट्रेलियाहून मी बरोबर आणलेली. शब्दकोश घेऊन पहिलंच उघडलं ते फेब्रुवारी १९९४ चं. एकेक शब्द लावत मी वर्गात मोठ्याने वाचलं: "तुझी बायको अंथरुणाला खिळली आहे, तिला टाकून निघणं कठीण, हे मी जाणते. पण आई आता थोड्या दिवसांची सोबतीण. रोज दाराकडे बघते. एकदा येऊन जा."

मिरेल्लाबाई म्हणाल्या, "इथे थांबू या का?"

मी म्हटलं, "नाही, पुढे वाचते."

लोरेटा, ते पत्र आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. निळा लिफाफा होता. तुझ्या बाबांनी जेवणाच्या टेबलावर मला ते वाचून दाखवलं होतं, इंग्रजी करून: "आई मजेत आहे. ऑलिव्ह उदंड आलेत. तुला आठवण सांगितलीय." मग बूट चढवून मळ्यात गेले. तोडणीचे दिवस होते. अंथरुणाला खिळलेली बाई पहाटेपासून बेदाण्याची द्राक्षं तोडून आली होती आणि दुपारी ट्रॅक्टरवर बसणार होती.

दोनदा मी त्यांची बॅग भरली होती. एकदा तर तिकीटही काढलं होतं. दोन्ही वेळा ते म्हणाले, यंदा पीक जोरात आहे, पुढच्या वर्षी बघू. का गेले नाहीत? मला ठाऊक नाही. आईला भीत होते की या गावाला की स्वतःला, विचारायला माणूस राहिला नाही. मी खूप रडले. पण मग राग आला, आणि रागाने माझी तब्येत फार छान राहते.

सहा तारखेला वन्संनी तुझ्या बाबांच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. नंतर जेवण. तीसेक माणसं होती, आमच्या मिरेल्लाबाईही. मला उशी ठेवलेली खुर्ची. चुलत दीर क्विंतो पेला उंचावून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या एलिओसाठी! दुखणाईत बायकोपायी ज्याने घरदार, आई, सगळं सोडलं!"

मी उभी राहिले. इटालियनमध्ये म्हटलं, "मी कधीही आजारी नव्हते. एक दिवस नाही. मी ट्रॅक्टर चालवला. त्याची बॅग मी भरली. मी त्याला अडवलं नाही. तो आला नाही."

क्विंतो हळूच म्हणाले, "वहिनी, भाषेत काहीतरी गफलत होतेय तुमची."

टेबलाच्या टोकाकडून मिरेल्लाबाई म्हणाल्या, "मुळीच नाही. वाक्यं अगदी बरोबर आहेत."

"खोटारडी!" वन्सं ओरडल्या. "माझा भाऊ देवाच्या घरी आहे आणि तू त्याच्या नावाने..." आणि कोट न घालताच निघून गेल्या. मी बसले आणि पानातलं सगळं संपवलं.

राखेच्या बुधवारी, नऊ तारखेला, त्या माझ्या खोलीवर आल्या. एक्याऐंशी वर्षांची बाई, कपाळावर चर्चमध्ये लावलेली राख, धापा टाकत. पलंगावर पत्रांचा गठ्ठा आदळला. तुझ्या बाबांची पत्रं, वन्संच्या घरी आलेली.

"तुला येतं ना आता? वाच. मी पुन्हा ऐकते."

आम्ही दुपारभर वाचत होतो. माझा मणका मोडला होता. मला क्षय झाला होता. एका नाताळात तर पाद्री येऊन मला मरतानाचा अखेरचा संस्कारही देऊन गेला होता. तिथे वन्सं ताडकन म्हणाल्या, "त्या वर्षी मी तुझ्यासाठी दर शुक्रवारी मेणबत्ती लावली!"

"म्हणूनच ठणठणीत राहिले असेन."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "आई गेली त्या दिवशी मी तुला शाप दिला होता, बेरिल."

"मला लागला नाही, वन्सं."

बराच वेळ त्या माझा हात उलटासुलटा करून बघत होत्या, तळहातावरचे घट्टे चाचपत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र लिहिलं. चार दिवस टाळत होते.

त्या म्हणाल्या, "पण तुझी लोरेटा आली होती की! पाठीवर पिशवी घेऊन, एकोणीस वर्षांची. मी तिला विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, तशीच आहे."

एकोणीस वर्षांची होतीस. बापाने गळ घातली असेल, हे मला कळतं. पण आता तू सेहेचाळीसची आहेस. आणि दोन महिन्यांपासून प्रत्येक पत्रात लिहितेस, "आई, जुन्या गोष्टी उकरू नकोस, बाबांचं नाव राख." मला वाटायचं, पोरीला माझी काळजी.

तर ऐक. तुझ्या घराजवळ तू माझ्यासाठी बघून ठेवलेली ती छोटी जागा मला नको. तिथल्या बाईंना कळवून टाक. एप्रिलचं तिकीट मी रद्द केलं आहे. वर्गात पुढच्या पातळीला नाव घातलंय, आणि पुढच्या सोमवारपासून वन्संच्या वरच्या खोलीत राहायला जाते आहे. त्या कटकट्या आहेत, मीही आहे.

तुझ्यावर माझी माया कमी झालेली नाही. झाली असती तर एवढं लिहिलं नसतं. जूनमध्ये ये. एकटी ये. वन्संच्या टेबलावर माझ्यासमोर बस आणि त्यांना सांग, तेव्हा तू काय म्हणालीस आणि खरं काय होतं.

इटालियनमध्येच सांग. मला समजेल.

तुझी आई,
बेरिल