थांबायचे दिवस

आई, कालपासून मी कायद्याने पुन्हा इथली रहिवासी झाले. या आर्थिक वर्षात भारतात राहून एकशे ब्याऐंशी दिवस काल भरले. सकाळीच कर सल्लागाराचा फोन. "मॅडम, तिकीट नाही काढलं? सुरुवातीची दोन-तीन वर्षं सवलत आहे, पुढे दुबईच्या कमाईवरही इथे कर लागेल हां." म्हटलं, "लागू दे. मी आता नाहूरच्या घरीच राहणार."

बारा वर्षांपूर्वी हे बोलायला जमलं नव्हतं. मला दुबईला जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती आणि तुझ्या आजारपणात मी सारखी ये-जा करत होते. तू ओट्यापाशी स्टुलावर बसून मेथी निवडतेयस. मी म्हणते, "रजा संपली गं, उद्या निघते." तू मान वर न करता विचारतेस, "आठ दिवस वाढवून नाही मिळणार?" मी नाही म्हणते. रजा अजून महिनाभर होती, आई. संपत आले होते ते हे करातले एकशे ब्याऐंशी दिवस. आणखी थांबले असते तर तिकडचा सगळा पगार इथल्या करात आला असता. "बरं, मग पराठे देते बरोबर," एवढंच म्हणालीस. मी निघाल्यापासून अठराव्या दिवशी तू गेलीस. मी धावत आले, तेराव्यापर्यंत राहिले आणि मर्यादा ओलांडलीच. कर भरला. भरता आला, सहज.

घर तुझ्या नावावर, मृत्युपत्र नाही, दादा कॅनडात, मी दुबईत. आमचा एकेक कागद वकिलातीतून शिक्का मारून यायचा, त्यातही काहीतरी राहून जायचं. तीन वर्षं बाबा सोसायटी आणि कोर्टाच्या खेपा घालत होते. कधी चिडले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुमच्या सह्या जमवता जमवता तिच्यासाठी रडायचं राहून गेलं."

म्हणून या आठवड्यात मी माझी मृत्युपत्रं केली. इथल्या घरातल्या माझ्या वाट्याचं वेगळं, तिकडच्या फ्लॅटचं वेगळं. लेक नेदरलँड्सहून फोनवर ओरडली, "आई, हे आत्ताच कशाला यार?" मी म्हटलं, "आत्ताच. माझ्यामागे तू ऑफिसं पालथी घालायची नाहीस. वाच आणि काही पटलं नाही तर मी आहे तोवर भांड." ती वाचायला लागली.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, ठाऊक आहे. बाबांना वाटतं, मी त्यांच्यासाठी परत आले. शेजारीपाजारीही तेच कौतुकाने सांगत असतात. मी सगळ्यांना तसंच वाटू दिलंय; तू मागितलेले आठ दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत.