रिकाम्या चार तारा

१८ फेब्रुवारी

चिमणे,

तुला भरपूर आशीर्वाद, होणाऱ्या जावईबापूंना थोडे कमी. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पुस्तकबांधणीचं दुकान बरं चाललंय. सध्या सगळं सूनबाई बघते, मी नुसते हुकूम सोडते.

लग्नात आपण दोघींनी गिटार वाजवायची, हे तू परस्पर ठरवलंस. मी हो म्हटलं नाही, तर लगेच ‘आत्या भाव खातेय’!

तू समजावलेला सस्पेंडेड सेव्हन्थ कॉर्ड मला कळला. ग वगळायचा, त्याच्या जागी म बसवायचा. सा, म, प आणि कोमल नि. कान आपला त्या ग साठी ताटकळत राहतो. उलटा करायचा म्हणजे तळाला सा न ठेवता प ठेवायचा. कळलं सगळं, पण बोटं बसेनात. वय झालं, दुसरं काय!

वय नाही गं. थंडीत मला झटका आला. डावा हात लुळा पडला. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून कुणी कळवायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं. आता पहिलं बोट ऐकतं. बाकीची रुसून बसलीत. फार घाबरले होते मी.

गिटार विकायला काढली होती. गिऱ्हाईक येणार म्हणून उजव्या हाताने पुसली, सुरात लावली आणि सवयीने वरच्या चार जाड तारांवरून अंगठा फिरवला. चिमणे, तुझाच कॉर्ड वाजला! प, सा, म, नि. तोच उलटा, डाव्या हाताचं एकही बोट न लावता! मी वेड्यासारखी हसत सुटले. सूनबाई धावत आली, तिला वाटलं दुसरा झटका आला.

गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. आता रोज पहिलं बोट त्या चार तारांवर आडवं टाकते. सरकवेन त्या पडद्यावर तसाच कॉर्ड मिळतो, फक्त पट्टी बदलते. बोट थरथरतं, तारा कुरकुरतात, पण वाजतं.

अडतं एकाच ठिकाणी. म वरून ग वर उतरलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तो ग काही मला काढता येत नाही. तो तू वाजव.

मी लपवलं म्हणून रागाव, भांड, पण लग्नाच्या आठ दिवस आधी ये. तालीम करावी लागेल. माझं हो आहे.

तुझ्या ग साठी म धरून बसलेली,
आत्या