निळ्या पिंपातलं पाणी

८ एप्रिल २०१९
पाचोडच्या घराला कुलूप लावून आज गारखेड्यात केयूरकडे कायमची राहायला आले. तिसरा मजला, उजेड भरपूर. मुलाच्या स्वयंपाकघराची दशा पाहून आल्याआल्या पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत डबे घासून मांडले. बरं वाटलं. फेब्रुवारीत सूनबाई, स्वरदा, तापाने गेली, तेव्हापासून या घराला शिस्त नाही. आणि नात बोलत नाही. ओवी सहा वर्षांची. आई गेली त्या दिवसापासून तोंडून अक्षर नाही. डॉक्टर म्हणतात, तिचं मन कशात तरी गुंतवा. गुंतवते.

१० एप्रिल
क्रांती चौकातून माशांसाठी दोन फुटी काचेची टाकी आणली. ओवीने वाळू स्वतः धुतली, वेलीसारखी रोपं खोचली. दुकानदाराने बजावलं आहे की मासे लगेच सोडायचे नाहीत; फिल्टर चालू ठेवून पाणी आधी चांगलं मुरू द्यायचं. नळाला पाणी आठवड्याने, तेही औषधाच्या वासाचं. गच्चीवर आमचं छोटं निळं पिंप भरलेलं दिसलं, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. साठवणीचं पाणी माशांना उत्तम. केयूर ऑफिसात होता, मीच बादल्यांनी आणून टाकी भरली.
खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, इथं माणसाला आंघोळीला पाणी नाय अन् कालिंदीताई मासोळ्यांना बंगला बांधायल्यात! मी म्हटलं, भाडं वेळेवर देतील त्या.

२ मे
मासे आले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग हळूच सोडले. निळ्या रेघेचे टेट्रा, काळ्या मॉली, तळ चाटत फिरणारे मिशाळ कोरिडोरास. वेगवेगळ्या जातींचे, पण भांडत नाहीत.
ओवी बोलली. म्हणाली, आजी, तो मिशीवाला बघ. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

९ मे
ऊन असं की कूलर दुपारपर्यंत कोरडा. टाकीचं पाणी मात्र बोटभरही उतरत नाही. काचेला आतून शेवाळ धरलं आहे. फक्त ओवी जिथे तोंड लावून बसते तिथली काच रोज सकाळी आतून लख्ख. मी पुसलेली नाही. केयूरनेही नाही. मासे त्या जागेपासून दूर, मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन असतात.
ओवी मात्र दिवसभर बोलते. टाकीशी.

१३ मे
केयूर गच्चीवर गेला होता. पिंप रिकामं का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं.
घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून देतात. ते पिंप स्वरदाने अंगात ताप असताना भरलं होतं, नळ आला म्हणून उठून. तिच्या हातचं शेवटचं काम. त्याला ओतवलं नाही. मी खडसावलं की पाण्याला सुतक नसतं.
द्वारकाबाईंना कळलं. या खेपेला हसल्या नाहीत. म्हणाल्या, गेलेल्याचा जीव त्यात घुटमळतो बाई, आजच्या आज ओता. मी दुष्काळाचं कारण पुढे केलं. खरं कारण दुसरं. या पाण्यापाशी ओवीला वाचा फुटली. तिला पुन्हा मुकी करू?

१८ मे
ओवी तांब्याला हात लावत नाही. आई पाजते म्हणते. केस ओले. तळपायांना सुरकुत्या, पाण्यात फार वेळ उभं राहिल्यासारख्या. आईला एकटीला करमत नाही, आत ये म्हणते. मी रागावले. मग जवळ घेतलं. अंग गार —

२१ मे
ओवी दवाखान्यात. छातीत पाणी. डॉक्टरांनी विचारलं, मुलगी विहिरीत, हौदात पडली होती का? या शहरात पडायला पाणी आहे कुठे?
केयूर तिच्याजवळ. मी टाकी रिकामी करायला घरी आले.

दुपारी
पाणी बादल्यांत काढलं. मोरीत सोडायला हात होईना. उन्हाळ्याची सवय. अर्धी टाकी झाली आणि केयूरचा फोन. ओवी नुसतं तोंड उघडझाप करते, श्वास आत जात नाही —
बादल्या परत टाकीत ओतल्या. सगळ्या.
केयूर म्हणाला, श्वास आला.
म्हणजे पाणी ठेवलं तर ती बुडणार. काढलं तर —

२२ मे
डॉक्टरांना आशा नाही. केयूरने फोन तिच्या उशाशी चालू ठेवला आहे. घरघर ऐकू येते.
डावा हात टाकीत घातला. स्वरदाला सांगितलं, सोबत हवी ना, मी येते. पोर तिच्या बापाकडे राहू दे. जूनमध्ये तिची शाळा —
पाणी कोमट. अंगासारखं.
बांगड्या लागल्या हाताला. बोटं. घट्ट —
ती रडते आहे. सूनबाई, रडू नको. आले मी.
खांद्यापर्यंत —
फोनवर ओवी खोकली. रडते आहे, मोठ्याने. पाणी मागते आहे! केयूर, पाज तिला, तुझ्या हाताने पाज, आणि मला शोधायला या टाकीत कधीच हात