बटण, बटण, चित्र, बटण

२ जून
प्राचार्यांनी बोलावलं. महिनाअखेरीस ‘सुगम्य ग्रंथालय’ प्रमाणपत्रासाठी कमिटी येणार. जबाबदारी कोणावर? अर्थात माझ्यावर. ग्रंथपालाची किंमत कळली म्हणायची एकदाची. दुसरं कोणीच तयार होईना, असं क्लार्क म्हणाला. जळतो मेला.

दुपारी एक संशोधक मुलगी आली. तिला दिसत नाही, पण लॅपटॉप माझ्यापेक्षा भराभर चालवते. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे तिच्याकडे. तक्रार अशी, की आपला लेखांचा डेटाबेस उघडला की ते नुसतं ‘बटण, बटण, चित्र, बटण’ म्हणतं. कुठलं बटण कशाचं, पत्ता नाही. मी म्हटलं, अहो, बटणाला बटण नाही म्हणणार तर काय म्हणणार! तीस तारखेला तिला प्रबंधाचं प्रकरण द्यायचंय, नाहीतर वर्ष गेलं. मुदतवाढ मागितली, तर एकट्या तुझ्यासाठी नियम कसा बदलू, म्हणाले प्राचार्य. मी शब्द दिला. आठवड्यात काम फत्ते.

५ जून
काम फत्ते! वेबसाइटवरची सगळी अक्षरं दुप्पट मोठी केली. शिवाय पिवळी. मुलीला मुद्दाम बोलावून सांगितलं. ती म्हणाली, सर, मला लहान अक्षर जेवढं दिसतं, तेवढंच मोठंही दिसतं. मी म्हटलं, म्हणजे फरक पडला नाही तरी नुकसानही नाही.

९ जून
बायकोला प्रगती सांगितली. ती म्हणाली, अहो, तिला काय हवंय ते तिलाच विचारा की. घ्या! रोग्यालाच औषध विचारायचं तर डॉक्टर कशाला?

१२ जून
मेहनतीचं काम. मुलीला हवे असलेले लेख छापून घेतले. मग एकेक पान स्कॅन केलं. वाकडं आलेलं सरळ केलं. पानापानावर ग्रंथालयाचा शिक्का. फाइल बनवून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. तिच्या सॉफ्टवेअरने उघडला आणि म्हणालं, रिकामं पान. मी ताडकन म्हटलं, रिकामं काय रिकामं, डोळे फुटले का? सॉफ्टवेअरला म्हटलं. मुलगी हसून हसून लाल झाली. म्हणे, सर, तुम्ही पानांचे फोटो काढलेत, त्याला अक्षरं लागतात. आधी अक्षरंच होती, ती मीच घालवली, असा तिचा सूर. कृतघ्नपणा म्हणतात तो हाच.

पाठ धरली आहे.

१८ जून
मास्टरस्ट्रोक. दारावर ब्रेलमध्ये पाटी! इंटरनेटवरून ठिपके घेतले, आपल्याच प्रिंटरवर छापले. बोटांनी घाण होऊ नये म्हणून वर लॅमिनेशन. मुलीने दोनदा हात फिरवला. म्हणाली, सर, फारच गुळगुळीत आहे. मी म्हटलं, थँक यू.

२३ जून
मुलगी परत आली. या वेळी आवाज जरा चिरका. म्हणे, सर, आठवडा राहिलाय, मला पाटी नको, व्हिडिओ नको (तिच्यासाठी मदतीचा व्हिडिओही बनवलाय, मंद संगीत आणि एक बाण, बास). फक्त डेटाबेसवाल्या कंपनीला एक मेल टाका, बटणांना नावं द्या म्हणून. मी समजावलं, की मेल टाकला म्हणजे डेटाबेसमध्ये दोष आहे हे लेखी कबूल केल्यासारखं होईल. तेही कमिटीच्या तोंडावर! कमिटी गेली की बघू. ती दार जोरात लावून गेली. पाटी पडली. परत चिकटवली.

२९ जून
कमिटी आली. सुरुवात झकास. पाटीचं कौतुक मीच केलं. मग कमिटीच्या बाई म्हणाल्या, आता आम्ही स्क्रीन बंद करतो, तुम्ही हेडफोन लावा आणि एक लेख शोधून दाखवा. मी म्हटलं, त्यात काय, डाव्या हाताचा मळ. ग्रंथपालाच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, खात्यातूनच शिरलो.

बटण. बटण. चित्र. बटण.

घाम फुटला. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. आत्मविश्वासाने चौथं दाबलं. लगेच आवाज आला: बटण, बटण. आता दोनच उरली म्हणजे लेख जवळ आला असणार. पहिलं दाबलं. हेडफोन एकदम चिडीचूप. स्क्रीन लावल्यावर कळलं. चौथं बटण होतं ‘संस्थेची सेवा बंद करा’. दोनांतलं पहिलं होतं ‘हो’.

प्राचार्य काय बोलले ते लिहीत नाही.

३० जून
अख्ख्या कॉलेजचा डेटाबेस बंद. प्राध्यापक, संशोधक, सगळे दारात ओरडतायत. प्राचार्यांनी तासाभरात नोटीस काढली: लेखच मिळत नसल्याने सर्व संशोधकांना महिनाभर मुदतवाढ. नियम बदलला. चुटकीसरशी!

मुलगी येऊन गेली. मला वाटलं, आता ही पण झापणार. तर म्हणाली, सर, तुमच्यामुळे वर्ष वाचलं. एवढंच, की मी एकटीच अडले होते तेव्हा ती माझी अडचण होती. मी म्हटलं, अहो, माझी योजनाच तशी होती. पण म्हणताना नजर खाली गेली, आणि ते तिला दिसलं नाही याचं बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

१ जुलै
सेवा परत सुरू करायला कंपनीचा फोन. माणूस म्हणाला, सर, नेमकं कुठलं बटण दाबलंत? बटणाचं नाव सांगा.

मी म्हटलं, बटण.

तो म्हणाला, सर, असं कसं कळणार?

फोन ठेवला. मुलीला बोलावलंय. मेल तीच सांगणार, मी टाइप करणार.