कड्यात अडकलेला खवला

प्रिय भूपेश,

कॅमेऱ्याची लेन्स दुरुस्त होणार नाही. नागपूरच्या कारागिराने ती उघडून दाखवली: फिरत्या कड्यात रेती, आत पाण्याचे डाग, काचेवर गोल गोल ओरखडे. निघताना तुला तीनदा बजावले होते, रेती लागली तर आधी फुग्याने हवा मारायची. पुसायचे नाही, पाणी तर मुळीच नाही. एवढेही ज्याला पाळता येत नाही, त्याच्यावर मी बाबांच्या मासेमारीवरच्या माझ्या पुस्तकाची छायाचित्रे सोपवली, ही माझीच घोडचूक.

परंतु खरा संताप त्याचा नाही. "ताई, वैनगंगेच्या रेतीत पडली, मीच रुमालानं पुसली," हे तुझे फोनवरचे सांगणे धादांत खोटे आहे. रुमालाने पुसलेल्या लेन्समध्ये नदीचे पाणी शिरत नाही. कड्याच्या खाचेत माशाचा खवला निघाला, भूपेश! तू तर मासळीला हातही लावत नाहीस. रेती लागलेली वस्तू वाहत्या पाण्यात खळबळून धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. जाळे ते तसेच धुतात. लहानपणी आपले चिखलाचे पायही त्यांनी तसेच धुतले. कार्डावरचे शेवटचे छायाचित्र तिरके, धुरकट आहे. मध्ये तू, कोपऱ्यात जाड अंगठा. धुतल्यावर चालते का, ते त्यांनी पाहिले असावे.

मग खोटे का बोललास? बाबांना माझ्यापासून लपवावे लागावे, इतकी क्रूर समजतोस मला? हा प्रश्न मी मोठ्या तोऱ्यात लिहिला आणि लिहितानाच उत्तर आठवले. त्या दिवशी मी फोनवर ओरडले होते, "अडाणी तो अडाणीच! जन्मभर जाळीच धू!" तेव्हा तुझ्या मागून बाबांचा हलकासा आवाज आला होता, "ठेव गा फोन. पोरगी लय तापली हाय." मी त्याकडे लक्षही दिले नाही.

बारा दिवस झाले, बाबा फोनवर येत नाहीत. आई दर वेळी सांगते, "नदीवर गेले ना बाई." म्हणून हे पत्र. त्यांना वाचता येत नाही. तू मोठ्याने वाचून दाखव. जाळीचे ते वाक्य गाळू नकोस. ते मी उच्चारले, त्यांनी ऐकले, आणि त्याचीच क्षमा मला मागायची आहे. रविवारी सकाळी मूलच्या बसस्टँडवर उतरेन. घ्यायला तू येऊ नकोस, त्यांना पाठव. त्या दिवशी जाळे मी धुईन. कसे धुतात ते त्यांनी दाखवावे, आणि चुकले तर सगळ्या घाटाला ऐकू जाईल असे माझ्यावर ओरडावे.

तुझ्यावर अजूनही रागावलेली, तरी तुझीच,
जयाताई