सुधारला म्हणजे नक्की काय

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

सुधारगृहातून सुटलास, बेकरीत कामाला लागलास आणि बाबांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहून त्यांना तोंड दाखवत नाहीस. शाबास! मी परवा त्यांना विचारलं, त्याला घरी कधी घेणार? म्हणाले, सुधारला की. ते कळणार कसं, तर त्यांनी दुकानाला स्वतः बनवलेलं नवं कुलूप बसवलंय. ते कुणी उघडत नाही तोवर तू सुधारलेला. बाप किल्लीवाला असला की न्यायही असलाच मिळायचा. तुझ्या भावजींच्या मते सुधारलेला माणूस रोज दाढी करतो. तेवढी कर आणि जाऊन माफी माग.

पोटभर जेवत जा, आणि माझ्यावर चिडायचं असेल तर जेवण झाल्यावर चिड.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाढी केली, म्हणजे भावजींपुरता सुधारलो. सुधारगृहात मान खाली घालून पाव भाजणाऱ्याला सुधारलेला म्हणतात. सुटताना तिथल्या साहेबांनी वचन घेतलं, दुसऱ्याच्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. माफी मागायला दुकानापर्यंत जाऊन परत आलो, धीर झाला नाही. मला घरी यायचंय गं.

काल बाबाच बेकरीत आले. दुकानाचं दार ओढलं गेलं, ते नवं कुलूप आपोआप बसलं, किल्ली आणि हत्यारं आत. त्यांना येतं ते सगळं त्यांनीच मला शिकवलेलं, म्हणून या खेपेला किल्लीशिवाय स्वतःलाही उघडता येणार नाही असं कुलूप बनवलेलं! बाहेर गिऱ्हाइकं खिदळत होती. मी म्हटलं, उघडलं तर मी बिघडलो, नियम तुमचाच. त्यांचे कान लाल झाले. लोकांनी त्यांना हसावं हे मला बघवेना. तार घेऊन निघालो.

पीठ मळून बोटं जड झालीत. घामाघूम झालो, तेव्हा कुठे कुलूप सुटलं. आता घर कायमचं तुटलं असं समजून मी वळलो, तर बाबा मागून कडाडले, "एवढ्याशा कुलपाला एवढा वेळ? पार हात बिघडवलाय त्या लोकांनी तुझा. उद्यापासून इथे माझ्यासमोर बसायचं."

हे पत्र दुकानातूनच लिहितोय. लोभ आहेच, भावजींच्या वाट्याचा थोडा इकडे वळव.

तुझा धाकटा